हाक एक, ओ दोन

अक्कांसमोर 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हणालं की त्या कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवायच्या. त्यानं उठायचं, एक पेला पाणी प्यायचं आणि परत येऊन तेच वाक्य 'बहुतेक' वगळून म्हणायचं. नाही जमलं तर आणखी एक पेला. त्यांच्या हाताखाली आलो त्या पहिल्या आठवड्यात मी एका सकाळी सात पेले प्यालो. सात हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही, मोजले होते.

आमचा कारखाना टॉवेल आणि चादरींचा. अक्का त्याच्या कॉम्प्युटर खोलीच्या प्रमुख होत्या. खोलीत माणसं दोनच, त्या आणि मी. दुधनीहून सकाळच्या गाडीने यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. कपाळावर विभूतीची तीन बोटं, अंगावर सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मागांच्या शेडमध्ये चपला घसरतात म्हणून बूट. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि मग एकटीने पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकल्या. घरात कन्नड, बाहेर मराठी. चूक सापडली की मात्र तोंडातून पहिला शब्द कन्नडच यायचा, "सिक्तु!" म्हणजे सापडलं.

मी मुळात उत्पादनाच्या रजिस्टरवरचा माणूस. कॉलेजात कॉमर्स केलेलं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी कोड लिहायला शिकेन असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. अक्कांच्या मासिक अहवालात एकदा बेरीज तीनने कमी आली होती. ती मी पेन्सिलीने दुरुस्त करून वर पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः रजिस्टरपाशी आल्या.

"ह्ये तीन तुमी काढले?"

मी म्हटलं, "हो. चुकलं असेल तर माफ करा."

"चुकलं न्हाय. म्हणून तर आले. उद्यापासनं तिकडं बसा."

मॅनेजरसाहेबांना त्यांनी नंतर सांगितलं, आधी विचारलं नाही. तिथून पुढे त्या मला 'हिशेबी' म्हणू लागल्या आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिल्या.

डब्यात त्यांच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असायची. दिवसातली पहिली चूक निघाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा त्यांचा नेम होता. कधी साडेबाराला जेवायच्या, कधी चारला. एखाद्या दिवशी सगळं सुरळीत चालत असेल तर त्या अस्वस्थ व्हायच्या आणि जुना कोड काढून त्यात चूक शोधत बसायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, आज काहीच बिघडलेलं नाही, जेवून घ्या."

"न्हाय कसं? आपल्याला दिसलं न्हाय इतकंच."

कोड त्या पडद्यावर वाचत नसत. कागदावर छापून घ्यायच्या, फूटपट्टी ठेवायच्या आणि शेवटच्या ओळीपासून वर वर मोठ्याने वाचत जायच्या. वरून खाली वाचलं की आपण जे लिहायचं ठरवलं होतं तेच डोळ्यांना दिसतं, आणि खालून वर वाचलं की जे खरोखर लिहिलंय ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी करून पाहिलं. दर दहा पानांमागे मला एक तरी चूक जास्त सापडली.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा शाळेतली राहिली होती. प्रोग्राममध्ये काही घडलं, बटण दाबलं किंवा मागावर सुताची तार तुटली, की त्याला इव्हेंट म्हणतात आणि ते घडल्यावर जे काम चालू होतं त्याला हँडलर. अक्का म्हणायच्या, "इव्हेंट म्हंजे हाक. हँडलर म्हंजे ओ. बिघडलं की दोनच प्रश्न विचारायचे. हाक कुणी मारली? ओ कुणी दिली?" एकदा हजेरीच्या पडद्यावरचं एक बटण दाबून काहीच होईना. मी अर्धा दिवस त्या बटणाचा रंग, जागा, आकार तपासत बसलो. अक्का आल्या, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, तुमी दारात हाका मारताय. घरात कुणी ऱ्हातच न्हाय." बटणाला हँडलर जोडायचंच मी विसरलो होतो.

क्लास आणि वारसा समजावताना त्या शेताच्या दाखल्यावर यायच्या. क्लास म्हणजे एखाद्या वस्तूचा नमुना. त्यावरून दुसरा क्लास बेतला की पहिल्यातलं सगळं दुसऱ्याला आपोआप मिळतं. आम्ही 'माग' नावाचा एक क्लास केला होता आणि त्याच्यापासून 'चादरमाग' आणि 'टॉवेलमाग' असे दोन. मला हे फार सोयीचं वाटलं. एकदा लिहा, दोनदा वापरा. अक्कांनी बजावलं, "बापाचं रान मिळालं म्हणून लई नाचू नका. रानातली हरळीबी मिळती. ती बापानं कुटं लावली हुती, ते आधी बघायचं." मी मान हलवली. टॉवेलमाग हा क्लास माझ्याकडे होता आणि तो मी एकट्याने लिहून पूर्ण केला.

आता नरसय्यांबद्दल.

नरसय्या आमच्याकडचे जुने विणकर, घरात तेलुगू बोलणारे. वडील विणकर, आजोबा विणकर. कारखान्याने टॉवेलचे चार नवे माग घेतले तेव्हा ते त्यांच्याकडे दिले. नवे माग एकाच पाळीत चालायचे आणि आमच्या प्रोग्रामला जोडलेले होते. तार तुटली की माग आपोआप थांबतो, वरचा लाल दिवा लागतो आणि आमच्या यादीत एक नोंद पडते. ताण्याची म्हणजे उभी तार तुटली तर एका रकान्यात, बाण्याची म्हणजे आडवी तुटली तर दुसऱ्या. महिन्याभराने मॅनेजरसाहेबांनी अहवाल पाहिला. जोडलेल्या मागांवर अकरा विणकर होते आणि माग थांबण्यात नरसय्या सगळ्यांत वाईट, अकरावे. साहेबांनी गुरुवारी सांगितलं की सोमवारपासून नरसय्या घडी खात्यात. म्हणजे तयार टॉवेलांच्या घड्या घालायच्या. पगार तोच राहणार होता.

त्याच दुपारी नरसय्या आमच्या खोलीत आले. दारातच उभे राहिले.

"काय साहेब, लई नाव काढलं की माझं."

मी म्हटलं, "बसा ना, अण्णा."

"बसायलाच पाठवायलेत की मला. घड्या घालायला." मग ते अक्कांकडे वळले. "अक्का, तेहतीस वर्षं माग चालवला. तार तुटायच्या आधी मला आवाजात कळतंय. तुमचा कॉम्प्युटरचा डबा म्हणतोय रोज ताण्याच्या पन्नास तारा तुटतात. माझ्या पोरानं विचारलं काल, बाबा, तुमचे हात थरथरतात काय? काय सांगू त्याला?"

अक्का म्हणाल्या, "रोज किती तुटतात?"

"बहुतेक वीस-पंचवीस."

अक्कांनी माठाकडे बोट दाखवलं. नरसय्यांना काही कळलं नाही. मी त्यांना पेला भरून दिला आणि नियम सांगितला. ते पाणी प्याले आणि म्हणाले, "आता बी तेच सांगणार. मोजत कोण बसतंय?"

"उद्या मोजा," अक्का म्हणाल्या. "तुमच्या पद्धतीनं."

शुक्रवारी नरसय्यांनी टाकाऊ सुताचे दोन धागे कमरेला लावले. ताण्याची तार तुटली की पांढऱ्या धाग्याला एक गाठ, बाण्याची तुटली की निळ्याला. तुटलेली तार ते एरवीही गाठ मारूनच जोडतात, त्यामुळे हाताला वेगळी सवय लावावी लागली नाही. पाळी संपल्यावर दोन्ही धागे माझ्या टेबलावर आले. मी दोनदा मोजले. पांढऱ्यावर तेवीस गाठी, निळ्यावर सतरा. मग यादी उघडली. बाणा, सतरा. ताणा, शेहेचाळीस.

मी मागचे सगळे दिवस काढले. चार माग, तेहतीस दिवस, त्यात एक माग तीन दिवस बंद होता, म्हणजे ताण्याचे आकडे एकशे एकोणतीस. एकूण एक सम. विषम आकडा एकही नाही. बाण्याच्या रकान्यात सम-विषम दोन्ही साधारण निम्मे निम्मे होते. रोज पाहत होतो तो रकाना, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. टॉवेलमाग माझा होता.

"अक्का," मी म्हटलं, "अहवालात ताण्याच्या आकड्याला दोनने भागतो. दहा मिनिटांचं काम आहे. सोमवारच्या आत होऊन जाईल."

त्यांनी फूटपट्टी टेबलावर आपटली. "आणि प्रोग्राम दोनदा वरडतोय त्येचं काय? उद्या आणखी माग येतील, त्येंचंबी भागत बसणार? हिशेबी, दोन का, ते सांगा. मग भागा न्हायतर गुणा."

मी खालून वर वाचलं. काही दिसलं नाही. माग क्लास बरोबर होता, टॉवेलमागही मला बरोबर वाटत होता. चाचणी मी स्वतः घेतली होती. तार सोडवायची, लाल दिवा लागतो का बघायचं. दर वेळी लागला होता. दिवा दोनदा लाल झाला तरी लालच दिसतो, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत अक्कांनी नरसय्यांना बोलावून घेतलं. शाळेतली पितळी घंटा कपाटातून काढून त्यांच्या हातात दिली. माझ्यापुढे तीन कागद ठेवले.

"नरसय्या, तुमी तार. तुटलात की घंटा वाजवायची. हिशेबी, तुमी टॉवेलमाग. ह्यो बापाचा कागद, ह्यो तुमचा. आणि ह्यी ओ देणाऱ्यांची यादी. घंटा वाजली की यादीत ज्येचं नाव असंल त्येनं ओ द्यायची."

मी म्हटलं, "बापाचं काम कोण करणार? माणूस कमी पडतोय."

"कुणी कमी पडत न्हाय. बाप न् लेक दोन माणसं न्हाईत. माग एकच हाय. एका अंगात दोन कागद."

बापाच्या कागदावर दोन सूचना होत्या. एक, जन्माला आल्यावर यादीत नाव लिही. दोन, घंटा वाजली की ओ दे आणि एक रेघ मार. माझ्या कागदावरही दोन. एक, जन्माला आल्यावर यादीत नाव लिही. दोन, घंटा वाजली की ओ दे, एक रेघ मार आणि तार कुठल्या बीमची ते सांग. टॉवेलला ताण्याचे दोन बीम, म्हणजे तारा गुंडाळलेले रूळ, असतात, एक खालच्या कापडाचा, ज्याला जमीन म्हणतात, आणि एक वरच्या लूपांचा. म्हणून तर मी वेगळा हँडलर लिहिला होता.

"लेकानं तेच काम नव्यानं लिहिलं की बापाचं बाद," अक्का म्हणाल्या. "बापाची दुसरी सूचना खोडा."

मी खोडली.

"आता जन्माला या, प्रोग्राम सुरू झाला. आधी बाप जन्मतो, मग लेक."

मी बापाच्या कागदावरची पहिली सूचना वाचली आणि यादीत माझं नाव लिहिलं. मग माझ्या कागदावरची पहिली वाचली आणि नाव लिहिलं. नरसय्यांनी घंटा वाजवली. मी यादीतलं पहिलं नाव वाचलं, "ओ" म्हणालो, रेघ मारली. दुसरं नाव वाचलं, "ओ" म्हणालो, रेघ मारली.

नरसय्या घंटा तशीच धरून हसायला लागले. "साहेब, मी एकदा तुटलो की. तुम्ही दोनदा ओ काय देताय?"

"सिक्तु!" अक्का म्हणाल्या.

माझी चूक मला दिसली आणि ती कशी झाली तेही. बापाचा हँडलर बाद झाला म्हणजे त्याने केलेली नोंदणीही बाद झाली असं मी धरलं होतं. म्हणून खात्रीसाठी माझ्या क्लासमध्ये मी पुन्हा नाव नोंदवलं. ओ द्यायची पद्धत नवी आली होती, पण बापाने यादीत लिहिलेलं नाव तिथेच होतं. बाण्याला मी हात लावला नव्हता म्हणून तो बरोबर राहिला. घरी बायको म्हणते, तुम्ही कुलूप लावून तीनदा ओढून बघता. मी ती एक ओळ खोडली. अक्कांनी डबा उघडला. पावणेतीन वाजले होते.

मला वाटलं संपलं. अक्का चटणी कालवत म्हणाल्या, "उद्या या."

"उद्या रविवार आहे. आणि ताण्याच्या एकूण नोंदी एक हजार पाचशे चौतीस. निम्म्या केल्या की सातशे सदुसष्ट. सांगून टाकू ना."

"ह्यो झाला अंदाज. माणसाचा माग जातोय हितं."

रविवारी सुट्टीच्या दिवशी त्या दुधनीहून आल्या. सकाळी नऊपासून आम्ही एकेक नोंद जोडीने लावत गेलो. मी वाचायचं, त्यांनी खूण करायची. तोच माग, तोच सेकंद, जोडी. एक्केचाळीस ठिकाणी दोन नोंदींत एका सेकंदाचा फरक निघाला, त्या वेगळ्या तपासल्या. पहिल्या नोंदीनंतर माग थांबलेला होता आणि थांबलेल्या मागावर सेकंदाभरात पुन्हा तार तुटत नाही, म्हणून त्याही जोड्याच. एक नोंद एकटी उरली असती तरी अक्कांनी सगळं परत लावायला लावलं असतं. साडेतीनला शेवटची जोडी लागली. सातशे सदुसष्ट.

मी म्हटलं, "तेच आलं की, अक्का."

"कालचं सातशे सदुसष्ट तुमचं हुतं. आजचं नोंदींचं हाय. आता लिहा."

एका वाक्यात लिहायचं होतं, बहुतेक नाही, कदाचित नाही. मी लिहिलं, 'टॉवेलमागाच्या प्रोग्राममध्ये ताण्याची प्रत्येक तुटलेली तार दोनदा मोजली गेली.' अक्कांनी कागद परत केला. "कुणी मोजली?" मी शेवटी लिहिलं, 'मी लिहिलेल्या प्रोग्रामने.' त्यांनी फूटपट्टी ठेवून ते खालून वर वाचलं आणि घडी करून माझ्या खिशात घातलं.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या वेळी शेडमध्ये मॅनेजरसाहेब नरसय्यांच्या बदलीचा कागद घेऊनच आले होते. मी माझा कागद सगळ्यांसमोर वाचला. माग अजून बंद होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. मग आकडे सांगितले. ताणा-बाणा मिळून मागामागे दिवसाला सोळाच्या वर दिसत होते ते खरे दहा पूर्णांक तीन. अकरा विणकरांत नरसय्या दुसरे.

साहेबांनी बदलीचा कागद फाडला. बराच वेळ फाडत होते.

नरसय्यांनी हात जोडले नाहीत की आभार मानले नाहीत. "दुसरा?" ते म्हणाले. "मग पहिला कोण?"

मी चादरीच्या मागावरच्या विणकराचं नाव सांगितलं.

"चादर? एका ताण्याची? माझे दोन ताणे हायत साहेब! दोन्ही एका तराजूत कसं काय घातलं?"

"बरोबर विचारायलेत," अक्का म्हणाल्या. "कुठल्या ताण्याची किती, ते वेगळं यायला पायजे. लिहिलंय, पण यादीत दाखवलेलं न्हाय अजून."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही राहू द्या. रजिस्टरला परत जा, तिथे तुमचं काम चांगलं होतं. हे अक्का बघतील."

निर्णय मला रास्तच वाटला. अक्का काहीतरी बोलायला पुढे झाल्या, पण त्यांच्या आधी नरसय्या बोलले.

"साहेब, त्यांना नका काढू. एवढं शिकवून झालंय आमचं. नवा माणूस आला तर परत पहिल्यापासनं कोण शिकवणार? मला माग चालवायचाय की."

शेडमध्ये हशा पिकला. साहेबही हसले, म्हणाले, "बघा बाबा तुमचं तुम्ही," आणि निघून गेले. नरसय्यांनी चारही माग एकामागून एक सुरू केले.

मंगळवारी सकाळी मी वही घेऊन त्यांच्या पहिल्या मागापाशी उभा राहिलो. अक्का गाडीतून उतरून थेट तिथेच आल्या. नरसय्यांनी माग थांबवला, हजारो तारांतून एक बोटावर उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"सांगा साहेब. जमिनीची की लूपाची?"

तार पांढरी होती. शेजारची पांढरी होती. त्याच्या पलीकडचीही. आठ महिने मी ह्या तारांसाठी कोड लिहीत होतो. मी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"म्हाईत न्हाय म्हणा की," मागून अक्का म्हणाल्या. "तितनंच सुरू करू."

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि नरसय्यांनी माझं बोट धरून त्या तारेवर ठेवलं.